वीस तासांचे आजन्म शिक्षण

२०२५ च्या हंगामात वर्धा जिल्ह्यातील कापूस उत्पादकापुढे एक नवी परीक्षा येऊन उभी राहिली. भारतीय कपास निगमाला हमी भावाने कापूस घालायचा असेल, तर 'कपास किसान' या मोबाईल ॲपवर आधी नाव नोंदवावे, जमिनीचे व पीकपेऱ्याचे कागद त्यात चढवावेत, आधारची खातरजमा करून घ्यावी, मंजुरीची वाट पाहावी आणि मग केंद्रावर गाडी नेण्याचा दिवस त्याच यंत्रातून राखून घ्यावा, असे फर्मान निघाले. हमी भाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये व लांब धाग्याला ८,११० रुपये. त्याच सुमारास, १९ ऑगस्टपासून, केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि पुढे ती सवलत वर्षअखेरपर्यंत लांबवली. म्हणजे परदेशी गाठीसाठी बंदराचे दार सताड उघडे, आणि ज्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकेकाळी विलायतेच्या बाजारात घेतले जाई त्या हिंगणघाटच्या शेतकऱ्यासाठी दाराला कुलूप, किल्ली मोबाईलमध्ये!

यंत्राला विरोध करण्याचे येथे कारण नाही. शेतकऱ्याच्या नावावर व्यापाऱ्याचा कापूस हमी भावाने खपवण्याचा धंदा जुना आहे आणि नोंदणीने त्याला काही प्रमाणात आळा बसू शकतो. प्रश्न वेगळाच आहे. राज्यसंस्था नागरिकावर एखादे कौशल्य सक्तीचे करते, तेव्हा ते शिकवण्याची जबाबदारी कोणाची? नोंदणीची मुदत सप्टेंबरअखेर संपणार होती, ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, यातच उत्तराचा निम्मा भाग आला. ज्याला स्वतः नोंदणी करता येत नाही, तो सेवा केंद्रावर पैसे मोजतो, नाहीतर ज्याच्यापासून वाचवण्यासाठी हा खटाटोप म्हणे झाला त्याच व्यापाऱ्याच्या माणसाच्या हाती आपला मोबाईल आणि त्यावर आलेला गुप्त आकडा सोपवतो. जुन्या सावकाराला निदान कागदावर अंगठा तरी घ्यावा लागत असे.

सरकारने शिकवण्याचा प्रयत्न केलाच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. २०१७ साली 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' मोठ्या गाजावाजाने सुरू झाले. तरतूद २,३५१ कोटी रुपयांची, लक्ष्य सहा कोटी ग्रामीण कुटुंबांचे. लक्ष्याहून अधिक, ६ कोटी ३९ लाख लोक प्रशिक्षित झाल्याचे आकडे जाहीर झाले आणि ३१ मार्च २०२४ रोजी अभियान संपले. त्याच्या अटी मात्र बारकाईने वाचण्यासारख्या आहेत. एका कुटुंबातून एकच व्यक्ती. वय १४ ते ६०. अभ्यासक्रम वीस तासांचा. घरातील एकालाच शिकता येणार असेल तर ती जागा सासूला मिळेल, सुनेला मिळेल, की कॉलेजात जाणाऱ्या मुलाला, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. आणि आर्वी-कारंजाच्या शिवारात ज्यांच्या नावावर अजून सातबारा आहे, त्या साठी उलटलेल्या म्हाताऱ्यांना तर शिकण्याचा अधिकारच नाकारला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील चौथ्या उद्दिष्टात सर्वांना जीवनभर शिक्षणाच्या संधींचे अभिवचन आहे, आणि भारत सरकारने ते मान्य केलेले आहे. त्या अभिवचनाचे दिल्लीत झालेले भाषांतर एवढेच : वीस तास, एक माणूस, साठीपर्यंत.

ही कसर भरून काढण्यासाठी आता आंतरराष्ट्रीय सहकार्याचा मंत्र जपला जातो. परदेशी कंपन्यांशी सामंजस्य करार करावे, त्यांनी अभ्यासक्रम द्यावेत, प्रमाणपत्रे द्यावीत, म्हणजे खेड्यातला माणूस जन्मभर शिकत राहील, असा हा युक्तिवाद. २०१६ साली अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, हरिसाल येथे मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने देशातील पहिले 'डिजिटल गाव' उभे राहत असल्याची घोषणा झाली. तीन वर्षांनी तेच गाव लोकसभा निवडणुकीच्या प्रचारसभांत चित्रफितींचा विषय झाले, आणि जाहिरातीतील गाव व प्रत्यक्षातील गाव यांतील अंतर साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने गूगलशी कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत करार केला. त्यात शेतीही आली, शिक्षणही आले. या करारांच्या बातम्यांत शेतकरी असतो तो लाभार्थी म्हणून. कराराच्या मेजावर त्याची खुर्ची कधीच नसते.

कंपनी शिकवते ते आपले यंत्र वापरायला. यात तिचा दोष नाही; नफा हाच तिचा धर्म. शिकवणीच्या नावाखाली ती गिऱ्हाईक तयार करते, आणि खर्च सरकारी तिजोरीतून किंवा शिकणाऱ्याच्या खिशातून होतो. २००१ साली राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण खात्याच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही संस्था निघाली व तिचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोचला. मराठीतून संगणक शिकवण्याचे तिचे काम मोठे आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण तो अभ्यासक्रमही दीर्घकाळ एकाच परदेशी कंपनीच्या विंडोज व ऑफिसभोवती फिरत राहिला, आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र मागितले जाऊ लागल्याने लाखो तरुणांनी आपल्या पैशाने एका कंपनीच्या मालाचा सराव केला. गावच्या पोराला टंकलेखन आले, तक्ता भरता आला. यंत्राच्या आत काय चालते आणि ते आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते काय, हा प्रश्न त्याच्या परीक्षेत कधी आला नाही. फेसबुकने 'फ्री बेसिक्स'च्या नावाने गरिबांना निवडक संकेतस्थळांचे फुकट इंटरनेट देऊ केले, तेव्हा हेच दान अधिक उघड्या रूपात आले होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी घातली म्हणून ते परतवता आले.

वर्ध्याला हे सारे सांगावे लागावे, हा दैवदुर्विलास आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकिर हुसेन समिती निघाली आणि पुढील वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. हाताने उत्पादक काम करावे, त्या कामातून गणित, विज्ञान, समाज समजून घ्यावा, आणि हे सारे मातृभाषेतून व्हावे, ही त्या योजनेची सूत्रे. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला झालेल्या परिषदेने तिचा परीघ वाढवला : गर्भवती मातेपासून वृद्धापर्यंत साऱ्या आयुष्याचे शिक्षण म्हणजे नयी तालीम. युनेस्कोच्या एडगर फोर आयोगाने आजन्म शिक्षणाचा अहवाल जगापुढे ठेवला तो १९७२ साली. वर्ध्याच्या मातीत तो विचार त्याच्या सत्तावीस वर्षे आधी रुजला होता.

आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य तेथेही होतेच. तालीमी संघाचे काम उभे करणारे आर्यनायकम् मूळचे सिलोनचे. इंग्रज क्वेकर मार्जोरी साइक्स स्वातंत्र्यानंतर सेवाग्रामला येऊन राहिल्या आणि त्यांनी शिक्षक घडवले. त्यांनी सोबत कोणत्या कंपनीचा माल आणला नाही. येथली भाषा शिकून, येथल्या कामात हात घालून त्या शिकवत राहिल्या. सहकार्य या शब्दाचा अर्थ तेव्हा इतका सरळ होता.

नयी तालीमेचा पुढे बोजवारा उडाला, हे लपवण्याचे कारण नाही. सरकारी मूलोद्योगी शाळांत टकळीचा तास हा विनोदाचा विषय झाला. शहरात इंग्रजी शाळा आणि खेड्यात सूतकताई, ही वाटणी बहुजन समाजाने नाकारली ती योग्यच. हस्तोद्योगाच्या आडून जातीचाच धंदा पुन्हा गळ्यात पडेल, ही भीतीही निराधार नव्हती. पण आजची वाटणी तरी काय आहे? पुण्या-मुंबईतला मुलगा यंत्राला आज्ञा लिहायला शिकतो आणि समुद्रपूरचा शेतकरी त्या आज्ञा पाळायला. टकळीच्या जागी मोबाईल आला, एवढाच फरक.

येथे कोणी समाजवाद्यांना त्यांचा इतिहास ऐकवील. साठच्या दशकात कलकत्त्याच्या आयुर्विमा महामंडळाच्या कार्यालयात संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला, डाव्या चळवळीने यंत्रालाच शत्रू मानले, हा आक्षेप परिचित आहे. त्यात तथ्यही आहे. नोकऱ्यांचे भय खरे असले तरी यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्या भयात बाजूला पडला. परंतु त्याच इतिहासाचे दुसरे पान सहसा उघडले जात नाही. जनता राजवटीत उद्योगमंत्री असलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भांडवलातील हिस्सा कमी करण्यास आयबीएमला सांगितले. कंपनीने ते नाकारले आणि १९७८ मध्ये देश सोडला. आता भारतातील संगणक बंद पडणार, अशी भाकिते झाली. संगणक बंद पडले नाहीत. सरकारी क्षेत्रातील कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशनच्या तंत्रज्ञांनी ती यंत्रे खोलली, दुरुस्त केली, चालू ठेवली आणि त्यातूनच ते शिकले. पुढे अमेरिकेने महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. देवनागरी संगणकावर रुळवण्याचे कामही त्याच संस्थेत झाले. करता करता शिकणे याचे याहून चांगले उदाहरण सेवाग्रामलाही सापडले नसते.

ज्ञानाच्या मक्तेदारीविरुद्ध जागतिक व्यासपीठावर बोलण्याची किंमत काय असते, हेही याच काळात दिसले. मॅकब्राइड आयोगाने १९८० मध्ये माहितीच्या असमान वाटपावर बोट ठेवले. पुढे १९८४ च्या अखेरीस अमेरिका युनेस्कोबाहेर पडली आणि वर्षभरात ब्रिटनही. २०२५ मध्ये अमेरिकेने पुन्हा एकदा बाहेर पडण्याची घोषणा केली आहे. ज्यांना जगाने एकत्र बसून ज्ञानाचे नियम ठरवणे मंजूर नाही, त्यांच्याच कंपन्यांनी जिल्ह्या-जिल्ह्याशी वेगळे करार करावेत, यात विसंगती नाही, सुसंगतीच आहे.

दुसरी वाट आहे, आणि ती फार लांब नाही. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणक मुक्त प्रणालींवर नेले. या प्रणाली जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून लिहिल्या आहेत. त्या कोणालाही वाचता येतात, बदलता येतात, मराठीतही आणता येतात. खऱ्या अर्थाने हे आंतरराष्ट्रीय सहकार्य, आणि त्यासाठी कोणा मंत्र्याला परदेशवारी करावी लागत नाही. पुढे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लमपारा पंचायतीत असे लक्षात आले की रोजगार हमीवरच्या बाया मजुरी जमा झाली की नाही हे पाहण्यासाठी बँकेत जातात आणि त्यात त्यांचा दिवस बुडतो. स्वयंसेवकांनी कामाच्या जागीच जाऊन त्यांना मोबाईलवर खाते पाहायला शिकवले. २०२२ मध्ये ती पंचायत पूर्ण डिजिटल साक्षर झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सारे राज्य तसे जाहीर झाले. वयाची वरची मर्यादा तेथे नव्हती. शिकणाऱ्यांत शंभरी ओलांडलेलेही होते. रोजगार हमी ही महाराष्ट्राची देणगी, १९७७ च्या कायद्याची. तिच्या बांधावर शाळा भरवण्याची कल्पना मात्र केरळला सुचली.

वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी यावरून मागण्यांचा मसुदा तयार करावा. जे काम सरकार मोबाईलवर सक्तीचे करील, त्याचे शिक्षण त्याच गावात, मराठीतून, मोफत आणि वयाच्या अटीविना मिळाले पाहिजे. ते मिळेपर्यंत बाजार समितीत कागदावर नोंदणीची सोय राहिली पाहिजे. कोणत्याही परदेशी कंपनीशी होणाऱ्या शिक्षणविषयक कराराची प्रत ग्रामसभेपुढे मराठीत आली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळांतील संगणकांवर मुक्त प्रणाली बसवून संध्याकाळी त्या खोल्या गावाला खुल्या केल्या पाहिजेत. आणि सरकारची वाट पाहत बसण्यापेक्षा हिंगणघाट, देवळी, सेलू, पुलगाव येथील शाखांनी आपापले वर्ग सुरू करावेत. घरातून एक नव्हे, नवरा-बायको दोघे, आणि सातबारा म्हाताऱ्याच्या नावावर असेल तर म्हाताराही. कापसाची नोंदणी २०२५ मध्ये सप्टेंबरात सुरू झाली होती. तेव्हा हे वर्ग पोळ्याच्या आत भरले पाहिजेत.