शोकाची घाई

न आलेल्या मरणाचे सुतक आधीच पाळण्याला अलीकडच्या समीक्षेत मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. हिमनद्या, प्रवाळभित्ती, अरण्ये यांच्या भावी नाशाचा आजच शोक करणारी कला आणि तिच्याभोवती रचले जाणारे विधी हे नैतिक जागृतीचे लक्षण होय, असे पर्यावरणवादी समीक्षक गृहीत धरून चालतात. असा शोक शक्य आहे काय, याची चर्चा पुष्कळ झाली. ज्याचा शोक करावयाचा ते अद्याप जिवंत असता त्याचे पुढे काय होते, हे मात्र विचारले जात नाही.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर 'पूर्वशोक' या संकल्पनेच्या जन्मातच आहे. एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाच्या १९४४ सालच्या ज्या निबंधातून ती रूढ झाली, त्यात आघाडीवरून परतलेल्या एका सैनिकाची हकीगत येते. पत्नीचे आपल्यावर प्रेम उरले नाही, ती तत्काळ घटस्फोट मागते, अशी त्याची तक्रार. त्याच्या संभाव्य मृत्यूचा शोक तिने इतका सांगोपांग पार पाडला होता की जिवंत परतलेल्या माणसाला तिच्या मनात जागाच उरली नव्हती. लिंडेमान यांनी पूर्वशोकाला संरक्षक म्हटले आणि लगोलग त्याची किंमतही सांगितली. नंतरच्या भाष्यकारांनी संरक्षण तेवढे उचलले.

'घटस्फोट' हा शब्द येथे योगायोगाने आला असला तरी सोडून देण्याजोगा नाही. आज तो काडीमोडाच्या अर्थाने वापरला जातो. धर्मशास्त्रात तो जिवंत माणसाच्या अंत्यविधीशी निगडित आहे. पतिताचे आप्त एकत्र जमत, दासीकडून पाण्याने भरलेला घट पायाने लवंडून घेत आणि मेलेल्याचे पाळावे तसे एक अहोरात्र सुतक पाळीत. त्यानंतर त्याच्याशी बोलणे बंद, वारसा बंद. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हा विधी तपशिलाने आलेला आहे. (प्रायश्चित्तानंतर परतीची वाटही तेथेच ठेवलेली आहे, हे नव्या शोकविधींच्या पुरस्कर्त्यांनी पाहावे.) याउलट जीवच्छ्राद्धात माणूस जिवंतपणी स्वतःचेच श्राद्ध उरकतो. दोहोंतील भेद अधिकाराचा आहे. स्वतःच्या मरणाची तयारी करणे निराळे आणि दुसऱ्याला आधीच मेलेला ठरवणे निराळे.

भरताने करुण आणि विप्रलंभ यांची सीमा आखताना अश्रूंकडे पाहिले नाही. निर्वेद, ग्लानी, चिंता दोन्हीकडे आढळतात. करुण निरपेक्ष, विप्रलंभ सापेक्ष. पुनर्भेटीची आशा संपली की करुण. न आलेली हानी या अर्थाने सापेक्षच असते. तिला करुणाच्या विभावांनी मढवणारी कलाकृती भाव उत्कट करीत नाही, रसच बदलते.

ओलाफुर एलियासन यांची 'आइस वॉच' ही कृती या दृष्टीने तपासावी. डिसेंबर २०१५ मध्ये हवामान परिषद चालू असता पॅरिसच्या पाँथेओंसमोर ग्रीनलंडच्या बर्फाचे बारा प्रचंड खंड घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे मांडण्यात आले. लोकांनी त्यांना स्पर्श केला, मिठ्या मारल्या. परंतु हे खंड मूळ हिमस्तरापासून आधीच तुटून समुद्रात तरंगत होते; चौकात आणल्यावर त्यांचे वितळणे कोणाच्याही निर्णयाने थांबणार नव्हते. परिषदेपुढील प्रश्न खुला होता, चौकातील प्रयोगात तो मिटलेला होता. प्रेक्षकाला उरली ती केवळ हळहळ. या हळहळीलाच समीक्षकांनी सहभाग म्हटले!

आइसलंडमधील ओक हिमनदीचा फलक मात्र निराळा आहे. २०१४ मध्येच तिचे हिमनदीपण संपल्याचे सांगण्यात आले होते. १८ ऑगस्ट २०१९ रोजी तेथे बसवलेल्या फलकाचा मजकूर आंद्री स्नायर माग्नासोन यांनी लिहिला. त्याला थडगे म्हणण्याची प्रथा पडली आहे. ओकपुरते ते खरेही आहे. पण येत्या दोनशे वर्षांत देशातील साऱ्या प्रमुख हिमनद्या त्याच वाटेने जातील अशी भीती नोंदवून तो मजकूर भावी वाचकाकडे वळतो: काय करावयास हवे हे ठाऊक आहे, ते केले गेले की नाही हे तोच जाणेल. मृताचा करुण आणि जिवंतांविषयीची सापेक्षता येथे एकमेकांत मिसळलेली नाहीत.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आधार ज्युडिथ बटलर यांचा आहे. ज्याच्या नाशाचा शोक होऊ शकतो तेच जीवन म्हणून मोजले जाते, ही त्यांची मांडणी. ती मान्य करण्यास हरकत नाही. परंतु शोक होऊ शकणे ही जिवंतपणीची प्रतिष्ठा आहे. शोक करून टाकणे हा तिचा शेवट आहे. भविष्यपूर्ण काळाचे व्याकरण समजले म्हणजे भूतकाळ वापरण्याची मुभा मिळते असे नव्हे.

मराठी शासनभाषेने ही मुभा केव्हाच घेतली आहे. धरणाच्या कागदपत्रांत पाणी येण्याआधीच जमिनीला 'बुडीत क्षेत्र' म्हटले जाते. न फिटणाऱ्या कर्जालाही हेच विशेषण लागते. नर्मदाकाठचे मणिबेली पाण्याखाली जाण्याआधी कागदावर असेच बुडालेले होते. १९९३च्या पावसाळ्यात पाणी चढत असता तेथील माणसे घरे सोडीत नव्हती. त्या न हलण्यालाही पूर्वशोकाच्या सिद्धान्तात बसवावयाचे असेल, तर आधीच सुतक कोणी धरले होते, त्या माणसांनी की त्या विशेषणाने, हे पुरस्कर्त्यांनी प्रथम सांगावे.