पाणकणीस लावा, पण कापणीचे पैसे आधी बाजूला ठेवा

बंगळूरुत तलावाचं पुनरुज्जीवन म्हटलं की पहिल्याच दिवशी जेसीबी उतरतो. काठचं पाणकणीस मुळासकट उपसायचं, तळ खरवडून वाडग्यासारखा करायचा, भोवती फरशी, दिवे, बाकं. आमच्या घराजवळच्या तलावाचंही हेच झालं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होऊन वास मारायला लागलं. आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे हे बघवत नाही.

इथले तलाव माणसांनी बांधलेले, राजकालुवे नावाच्या कालव्यांनी एकाला एक जोडलेले. त्या कालव्यांतून पूर्वी पावसाचं पाणी यायचं, आता बारा महिने सांडपाणीही येतं. उत्तरेकडच्या जक्कूर तलावावर यातून एक चांगली वाट निघाली. सुरुवातीला दिवसाला १ कोटी लिटर क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र तिथे उभं राहिलं, आणि त्यातून सुटणारं पाणी थेट तलावात न जाता आधी पाणकणसाच्या दलदलीतून जातं. पाणकणसाच्या पानांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून हवा खाली मुळांपर्यंत पोचते, थोडी चिखलात झिरपते आणि तिथले जीवाणू घाण फोडतात. नत्र आणि स्फुरद झाड स्वतः ओढून घेतं.

पण ओढून घेतलेलं कुठे जातं? पान वाळून पाण्यात कुजलं की बरंचसं पुन्हा पाण्यातच. म्हणून लावण्याइतकीच कापणी महत्त्वाची, आणि तीही पान हिरवं असताना. २०१८च्या जानेवारीत बेळ्ळंदूर तलावातलं वाळलेलं गवत पेटलं आणि ते विझवायला लष्कराचे जवान उतरले, हे शहर इतक्यात विसरायला नको.

लावण्याआधी ओळख हवी. काठावर जे उभं दिसेल ते सगळं 'गवत' म्हणून कंत्राटात लिहिलं जातं. खोड बोटांत फिरवून पाहा: तीन धारा लागल्या तर बहुधा लव्हाळ्याच्या कुळातलं. पेरं असतील तर नळ. पान चुरगळल्यावर बाळाच्या वेखंडाचा वास आला तर ते वेखंडच, दिसायला कितीही पाणकणसासारखं असो. पाणकणसाला पेरं नाहीत, वासही नाही. पान आडवं कापलं तर आत जाळीदार कप्पे दिसतात. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या जातीत वरचा नरफुलांचा भाग आणि खालचं तपकिरी मादीकणीस यांच्यात बोटभर उघडा दांडा राहतो. फुलोरा नसताना मात्र जात सांगायची घाई मी करत नाही.

लावायला बी लागत नाही. डोळा असलेला गड्ड्याचा तुकडा पावसाच्या तोंडावर घोटाभर पाण्याखालच्या चिखलात दाबायचा आणि कोंबाचं टोक पाण्यावर ठेवायचं. जागा मात्र नाल्याच्या मुखाशी, आणि सोबत लव्हाळा व नळ हवेत. एकटं पाणकणीस सोडलं तर उथळ तलाव गिळून टाकतं. कापतानाही पाण्याची पातळी बघावी लागते. खुंट पाण्यावर राहिला तर पुन्हा फुटतो. पाण्याखाली कापलं तर गड्ड्याची हवा तुटते आणि तो गुदमरून मरतो. म्हणजे वाढवायचं कुठे आणि रोखायचं कुठे, हे कोयत्याच्या उंचीवर ठरतं. एवढं काम करायला जेसीबी कशाला?

जांभळ्या पाणकोंबड्या पावसाळ्यात याच गचपणात घरटी करतात. तेव्हा हात लावू नये. डिसेंबर ते फेब्रुवारीत एक पट्टा कापावा, शेजारचा ठेवावा. कापलेलं गुरांना घालण्याची घाईही नको, कारण सांडपाण्यातले जड धातू पानांत असू शकतात. तपासणी करून मगच खत करावं.

देखभालीच्या अंदाजपत्रकात सुरक्षारक्षक, दिवे, झाडलोट यांचे रकाने असतात. त्यात दरवर्षीच्या कापणीचा रकाना हवा, आणि मजुरी तलावावर आजही चारा कापायला येणाऱ्या बायाबापड्यांना मिळावी. कुठला दांडा कुठे कापायचा हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. ज्या तलावासाठी हा खर्च मंजूर होत नाही, तिथे नवी लागवड करायला मी तरी विरोध करीन.