ऑईल बदलणे हे पोऱ्याचे काम नव्हे

गॅरेजवाल्या बंधूंना आज दोन शब्द कडवट वाटतील असे सांगावयाचे आहेत. गाडी दारात येते, गिऱ्हाईक "ऑईल बदला" म्हणते, आणि उस्ताद मान वर न करता पोऱ्याला हाक मारतात. पोऱ्या गाडीखाली सरकतो, नट सोडतो, फिल्टर फिरवतो, डबा ओततो. अर्ध्या तासात गाडी बाहेर. नव्या, साध्या गाडीत हे बहुतेक वेळा खपून जाते. पण जुनी गाडी, आणि तीही ताकद वाढवून घेतलेली, अशा हाताखाली गेली तर खपत नाही. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे पाना हातात धरला आहे आणि हा धडा पैसे मोजून शिकलो आहोत.

कोणत्या गाड्या म्हणाल, तर सन २००० च्या सुमारास आपल्याकडे आलेली दीड लिटरची होंडा सिटी व्हीटेक, मारुतीची एस्टीम, जुनी झेन. पुण्या-मुंबईची, कोल्हापूरची शौकीन पोरे या गाड्या शोधून घेतात. सायलेन्सरची पाइपलाइन बदलतात, हवेचा फिल्टर मोठा लावतात, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवतात, एखादा टर्बोही चढवतो. (नोंदणी पुस्तकातील मूळ रचना बदलण्यास कायद्याने मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे, नंतर "उस्तादांनी सांगितले नाही" असे ऐकावे लागू नये.) कंपनीच्या वर्कशॉपात अशा गाडीला हात लावायला सहसा कोणी राजी नसते. म्हणून ती कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या नाना पेठेत, म्हणजे आपल्या दारात येते. हे काम आपल्याकडे हुनरामुळे आले आहे आणि निष्काळजीपणाने ते जाऊही शकते.

आता त्या होंडाचेच इंजिन घ्या. १०६ अश्वशक्तीचे. यात ऑईल फक्त घासण वाचवत नाही, ते हत्यारासारखे काम करते. इंजिनाचे फेरे एका मर्यादेपलीकडे गेले की ऑईलचा दाब एका वाटेने सोडला जातो, तो रॉकरमधील छोटी पिन ढकलतो, सुटे असलेले रॉकर एकमेकांना जोडले जातात आणि व्हॉल्व्ह जास्त उघडू लागतात. त्या वाटेवर एक बारीक जाळी असते. काळ्या, चिकट ऑईलने ती बुजली की पिन सरकत नाही. गिऱ्हाईक येऊन म्हणते, "गाडी वर ओढत नाही." मग प्लग बदला, पंप बदला, सेन्सर बदला. खर्च होत राहतो, आणि रोग त्या जाळीत बसलेला असतो. अशी गाडी आली की पहिला प्रश्न हाच विचारावा : ऑईल कधी बदलले, आणि कोणते घातले?

२०११ सालची गोष्ट. अशीच एक सिटी आमच्याकडे आली होती. हाताखालच्या मुलाने फिल्टर काढला, नवा लावला. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनालाच चिकटून राहिले होते, ते त्याने पाहिले नाही. आम्ही तर खाली वाकलोच नाही. रबरावर रबर बसले. गॅरेजात चालू करून पाहिले तेव्हा थेंबही पडला नाही. एक्सप्रेसवेवर मालकाने गाडी पळवली, दाबाने रबर बाहेर आले आणि ऑईल रस्त्यावर सांडले. लाल दिवा पेटला, पण गाण्याच्या नादात तो दिसेपर्यंत मेटल गेले होते. क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागला. मजुरी घेतली होती दीडशे रुपये, आणि इंजिन उघडून बांधण्याचा सगळा खर्च आमच्या गल्ल्यातून गेला. मुलाला आम्ही काही बोललो नाही. चूक आमची होती, कारण त्याला रबर बघायला कोणी शिकवलेच नव्हते.

त्या दिवसापासून जुना फिल्टर हातात घेऊन त्याचे रबर त्यालाच आहे का हे पाहिल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. नव्या रबराला बोटाने ऑईल लावायचे, फिल्टर हातानेच बसवायचा, टेकल्यावर पाऊण फेरा, बस. ड्रेन नटाचा वायसर प्रत्येक वेळी नवा. काही रुपयांचा वायसर वाचवून पान्याला पाइप लावून नट आवळणारे भाऊ पाहिले की आमचा जीव वर येतो. पुढच्या वेळी आटे गेलेले असतात. खाली बसवलेली गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नये, घोड्या लावाव्यात. चेंबरला गतिरोधकाचे फटके बसले आहेत का, तेही त्याच वेळी हात फिरवून पाहावे.

ऑईल किती घालायचे, हेही पुस्तकातून ठरत नाही. कुणी मोठे चेंबर लावलेले असते, कुणी ऑईल कूलर. कूलर आणि त्याच्या नळ्यांतले जुने ऑईल बाहेर येतच नाही. म्हणून थोडे कमी घालावे, इंजिन चालू करून दाबाचा दिवा विझू द्यावा, बंद करून थोडे थांबावे आणि मग पट्टी पाहून बाकीचे घालावे. जास्त झालेलेही वाईटच. क्रँक त्यात फिरून फेस करतो, आणि फेसाने मेटलचे रक्षण होत नाही.

काढलेले ऑईलही बोलते. त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन जास्त पेट्रोल पीत आहे, ट्यूनिंग चुकले आहे. बोटांत चोळून चमक दिसली तर मेटल झिजत आहे. टर्बो असेल आणि मालक घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करीत असेल, तर टर्बोच्या बेअरिंगमधले ऑईल जळून तिथेच कोळसा होते. त्याला मिनिट-दोन मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवायला सांगावे. अशा गाडीला कंपनीचे दहा हजार किलोमीटर आम्ही मानत नाही. पाच हजार किंवा सहा महिने, जे आधी येईल ते.

ग्रेडविषयी आपल्यात एक जुनी खोड आहे. आवाज आला की घट्ट ऑईल घाला. २०डब्ल्यू-५० घातले की टॅपेटचा आवाज दबतो आणि गिऱ्हाईक खूश. पण पातळ ऑईलसाठी बनवलेल्या इंजिनात सकाळी थंडीत ते घट्ट ऑईल वर पोहोचायला उशीर लागतो, आणि झीज नेमकी तेव्हाच होते. उलट पद्मिनीसारख्या जुन्या इंजिनात, जिथे कॅम सपाट टॅपेटवर घासत चालतो, तिथे आजचे सर्वांत महागडे पातळ ऑईल घालणे हाही शहाणपणा नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून पातळ ग्रेडमधील झिंक-फॉस्फरसचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केले गेले आहे, आणि जुन्या कॅमला तेच वाचवत असते. महाग म्हणजे चांगले, हे या धंद्यात चालत नाही.

एक गोष्ट आपल्याच भंगारवाल्या भावांना. नामांकित कंपनीचा रिकामा डबा झाकणासकट शाबूत विकला गेला की त्यात काय भरून परत येईल हे आपल्याला ठाऊक आहे. तो डबा कधी तरी आपल्याच दुकानात विकला जातो. गॅरेजवाल्याने डबा देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे आणि भंगारवाल्याने त्याचा राग मानू नये. काढलेले काळे ऑईल गटारात ओतणे तर गुन्हाच आहे; २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे आणि मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. पिंपात साठवून ठेवला तर नेणारे येतात, पैसेही देतात.

राहिली मजुरी. दीडशे-दोनशेत हे सगळे होत नाही, आणि होत नाही म्हणूनच ते पोऱ्यावर सोडले जाते. आम्ही आता अशा गाडीची मजुरी साध्या गाडीच्या तिप्पट घेतो. तारीख, किलोमीटर, ग्रेड, किती लिटर गेले आणि जुन्या ऑईलमध्ये काय दिसले, हे कार्डावर लिहून सही करून देतो. मुलगा काम करतोच, पण आम्ही शेजारी बसून. परवा एक तरुण गिऱ्हाईक हुज्जत घालू लागले, "ऑईल बदलायला एवढे?" आम्ही त्याच्याच गाडीचा जुना फिल्टर कापून कागदाची घडी त्याच्या हातात दिली. त्याने बोट फिरवले, बोटाला लागलेला चमकता चुरा उन्हात धरून पाहिला, आणि विचारले, "इंजिन कधी उघडायचे?"