डावखुरा होणार, की आणखी काही?

सहा महिन्यांचं बाळ खुळखुळा नेहमी डाव्याच हाताने धरतं. उजव्या हाताची मूठ मात्र मिटलेली. घरात कौतुक सुरू होतं, "आजोबांवर गेलाय, डावखुरा होणार!" पण पहिल्या वाढदिवसाआधी मुलं सहसा दोन्ही हात सारखेच वापरतात. त्याआधीच एका हाताकडे ओढा ठळक दिसला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. कधी कधी त्यामागे जन्माच्या आसपास येऊन गेलेला पक्षाघात असतो.

हो, नवजात बाळालाही पक्षाघात होतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. मोठ्या माणसासारखं तोंड वाकडं झालेलं इथे सहसा दिसत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकाच हाताला किंवा पायाला झटके येतात, नाहीतर काहीच कळत नाही. अनेकदा नेमकं कारण सापडत नाही, त्यामुळे आईला दोष देणं अगदी चूक.

यावर उपाय शोधायचा कसा? एवढ्याशा बाळांवर थेट औषधं आजमावता येत नाहीत. मोठ्यांवरची माहितीही पुरत नाही, कारण बाळाचा मेंदू अजून घडत असतो. म्हणून शास्त्रज्ञ पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांकडे वळले. जन्मानंतर साधारण 7 ते 10 दिवसांच्या पिल्लाचा मेंदू वाढीच्या दृष्टीने नवजात बाळाच्या मेंदूच्या जवळपास असतो. पिल्लाला भूल देऊन मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी बारीक धाग्याने थोडा वेळ अडवतात, मग मोकळी करतात.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी अशा पिल्लांच्या नाकात मूलपेशींचे थेंब सोडले. नंतर पिल्लांना काचेच्या उभ्या नळकांड्यात ठेवलं. मागच्या पायांवर उभं राहताना पिल्लू भिंतीला कुठला पंजा टेकवतं, ते मोजलं. मूलपेशी मिळालेली पिल्लं दुबळा पंजा जास्त वापरू लागली. आपण बाळाची मूठ बघतो, तसाच हा पंजा!

पुढे याच गावात पक्षाघात झालेल्या 10 नवजात बाळांना पहिल्या आठवड्यात नाकावाटे मूलपेशी दिल्या गेल्या. 2022 साली निष्कर्ष छापून आले : उपचार देता येतो आणि गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. गुण येतो का, हे मात्र दहा बाळांवरून ठरत नाही. त्याला मोठ्या चाचण्या लागतात. उंदराच्या मेंदूला आपल्यासारख्या वळ्याही नसतात; पिल्लाला लागू पडलेलं औषध बाळाला लागू पडेलच असं नाही.

तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंच असेल, "बिचाऱ्या पिल्लांचं काय?" प्रश्न रास्त आहे. 1959 पासून शास्त्रज्ञांपुढे तीन नियम आहेत : पर्याय असेल तर प्राणी नको, लागतील तितकेच प्राणी, आणि वेदना कमीत कमी. भारतातही अशा प्रयोगांना समितीची परवानगी लागते. तरीही पिल्लांचा जीव जातो, हे नाकारून चालणार नाही.

त्या पिल्लांमुळे मिळालेल्या ज्ञानाचा उपयोग व्हायचा, तर दुखणं वेळेवर ओळखलं जायला हवं. ते काम घरातच होतं. लवकर सुरू केलेल्या व्यायामोपचाराने दुबळ्या हाताला मदत होते. तेव्हा घरात तान्हं बाळ असेल, तर खेळवताना दोन्ही मुठी उघडतात ना, एवढं जरूर बघा.