घर नाकारणारांचा कायदा आणि कायद्याचे मौन

‘आपण मांसाहार करता काय?’ हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या दलालाच्या तोंडून ऐकला की एखाद्या भोळ्या माणसास वाटावे, घरमालकास आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतींची फार काळजी आहे. परंतु त्यामागोमाग येणारा दुसरा प्रश्न आडनावाचा असतो आणि तिसरा मूळ गावाचा. तिन्ही उत्तरे मिळाली की ‘जागा कालच गेली’ असे सांगण्यात येते. अस्पृश्यता नष्ट झाल्याचे राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने जाहीर केले. तिने नाव बदलले आणि ती ‘शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’ या पाटीआड जाऊन बसली, हे मात्र आमच्या कायदेमंडळांच्या अद्याप ध्यानी आलेले दिसत नाही.

ही व्यथा नवी नाही. १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना, कोलंबिया विद्यापीठाच्या त्या विद्वानाला, पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. शहरात एकही छप्पर मिळाले नाही आणि बागेत बसून परतीच्या गाडीची वाट पाहावी लागली. शंभरांहून अधिक वर्षे लोटली. आता लाठी नाही, कारण लाठीची गरज उरलेली नाही. मालकाचा नुसता नकार पुरतो, आणि त्या नकाराला कायदा ‘मालकाचे स्वातंत्र्य’ म्हणतो.

कायदा काय म्हणतो ते तरी पाहू. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, त्याच्या चौथ्या कलमात कोणत्याही वस्तीत निवासाची जागा बांधण्यास, मिळविण्यास वा तीत राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला आहे. बाराव्या कलमाने तर असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध घडल्यास ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, अन्यथा सिद्ध करण्याचा भार आरोपीवर राहील, असे स्पष्ट सांगितले आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही या गृहीताचा लाभ मिळतो. शस्त्र चांगले आहे; ते म्यानातच गंजले ही गोष्ट वेगळी. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड! ज्या शहरात एका खोलीची अनामत लाखांत मोजतात, तेथे पाचशे रुपयांचा दंड म्हणजे मालकाच्या चहापाण्याचा खर्च. शिवाय फौजदारी खटला जिंकला तरी घराची किल्ली मिळत नाही. भरपाई नाही, मनाई हुकूम नाही, घर देण्याचा आदेश नाही. भाडेकरूला रात्री झोपायला जागा हवी असते, आरोपीची सहा महिन्यांची कैद त्याच्या काय कामाची?

आता नव्या कायद्यांकडे वळू, कारण ‘सुधारणा झाल्या’ म्हणून पाठ थोपटून घेणारे याच कायद्यांकडे बोट दाखवितात. २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम बिल्डरांना वेसण घालणारा म्हणून गाजला, आणि ग्राहकाच्या पैशापुरती ती वेसण खरीही आहे. पण त्याच्या मूळ कलमांत जात वा धर्म यांवरून घर नाकारण्यास मनाई कोठेही नाही. नियमांना जोडलेल्या नमुना ‘ब’ मध्ये, वाटपाच्या वेळी कोणाही ग्राहकाशी भेदभाव करणार नाही, असे एक प्रतिज्ञावाक्य विकासकाकडून तेवढे लिहून घेतले जाते. म्हणजे नव्या इमारतीतील पहिल्या विक्रीपुरते एक वाक्य! जुन्या घराची विक्री मोकळी, भाडे मोकळे, सोसायटीची व्यवस्थापक समिती मोकळी. पुढे २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार अधिनियम मंजूर केला. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेऊ नये, इतका बारकाईचा विचार त्यात आहे; भाडेकरू कोणत्या जातीचा म्हणून दारातूनच परत पाठविला जातो, याचा विचार नाही. ज्याला करारापर्यंत पोहोचूच दिले जात नाही, त्याला कराराच्या अटींची हमी देणारा हा कायदा आहे!

सर्वांत मोठा घाव मात्र न्यायालयातून आला. १९२६ साली अहमदाबादेत स्थापन झालेल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीने सभासदत्व पारशांपुरते मर्यादित केले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उपविधी वैध ठरविला. मूलभूत हक्क शासनाविरुद्ध आहेत, खाजगी संस्थेविरुद्ध नव्हेत. सार्वजनिक धोरण सहकारी कायद्याच्या शब्दांतच शोधावे, असा त्याचा मथितार्थ. पारशी समाजावर आमचा रोष नाही. संख्येने क्षीण होत चाललेल्या समाजाने आपली आळी जपू पाहावी, हे आम्ही समजू शकतो. पण ज्या शिडीने लहान समाज चढला, त्याच शिडीने मोठे, धनवान आणि बहुसंख्य समाजही चढणार, हे न्यायालयास का दिसू नये? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालीच, शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात, निग्रोंना घर विकू नये असे खाजगी करार न्यायालयाच्या हाताने अमलात आणता येणार नाहीत, असे ठरविले. आमच्या न्यायालयाने सत्तावन्न वर्षांनंतर त्याच्या उलट दिशेने पाऊल टाकले.

‘घर माझे, मी कोणास द्यावे ते मी ठरवीन’ हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही, म्हणून त्याचे उत्तर देतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, अमेरिकेत संमत झालेल्या गृहकायद्याने हा आक्षेप ऐकून घेतला. चार कुटुंबांपर्यंतच्या घरात मालक स्वतः राहत असेल तर त्याला सूट दिली. परंतु भेदभावाची जाहिरात करण्याची मुभा त्यालाही दिली नाही. स्वतःच्या स्वयंपाकघराशेजारची एक खोली आणि दोनशे सदनिकांचा मनोरा यांत फरक आहे, एवढे तारतम्य तेथील कायद्याने पाळले. दहा सदनिका भाड्याने देणारा माणूस घर चालवीत नाही, व्यापार करतो. आणि व्यापाराचे दार कोणासाठी बंद ठेवता येणार नाही, हे घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात लिहिले आहे. त्यातील ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ काय, या प्रश्नास उत्तर देताना बाबासाहेबांनी २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत तो शब्द व्यापक अर्थाने वापरला असून मोबदल्यासाठी सेवा देऊ करणारा प्रत्येक जण त्यात येतो, असा खुलासा केला होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एका शिक्षणविषयक खटल्यात याच खुलाशाचा आधार घेतला. घरे भाड्याने देण्याचा धंदा त्यातून वगळण्याचे कारण आम्हास तरी सापडत नाही.

बाकी शासनाची तत्परता पाटीपुरती आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पण वस्तीचे नाव बदलले म्हणून तीतून बाहेर पडू पाहणाऱ्यास पलीकडच्या रस्त्यावर खोली मिळत नाही.

आज हाती असलेल्या साधनांचा उपयोग करावयाचा तो असा. दलालाशी आणि मालकाशी बोलणे शक्यतो लेखी ठेवावे; भ्रमणध्वनीवरील संदेश पुसू नयेत. ‘जागा गेली’ असे उत्तर मिळाल्यास त्याच दिवशी दुसऱ्या आडनावाच्या मित्रास चौकशी करावयास लावावे. त्याला जागा दाखविली गेली तर तो मित्रच तुमचा साक्षीदार. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात याच रीतीने, निरनिराळी नावे घेऊन, भाड्याच्या घरांची चौकशी केली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: दलित आणि मुसलमान नावांना नकार अधिक. तक्रार देताना नागरी हक्क संरक्षण कायद्याबरोबर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीतील आर्थिक बहिष्काराची व्याख्याही मांडावी. नेहमीच्या व्यवहारात ज्या अटींवर एखादी गोष्ट केली जाते त्या अटींवर ती करण्यास नकार देणे, असे शब्द तीत आहेत. मुसलमान आणि ख्रिस्ती झालेल्या दलितांना मात्र यांतील बहुतेक आधार मिळत नाही, आणि आपल्यापुरता दरवाजा उघडला म्हणून आपण त्यांना बाहेर उभे ठेवावे, हे आम्हास मान्य नाही.

मागणी दिल्लीकडेच करावयास हवी असे नाही. सहकार हा राज्याचा विषय आहे, हे २०२१ च्या निकालाने पुन्हा स्पष्ट झाले. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ साली स्वतंत्र प्रकरण घातले गेले आहे, आणि भाडेकरारासाठी १९९९ चा भाडे नियंत्रण अधिनियम आहे. पहिल्यात, जात, धर्म वा आहार यांवरून सभासद अथवा भाडेकरू नाकारणाऱ्या समितीचे पदाधिकारी अपात्र ठरतील, असे एक कलम. दुसऱ्यात, नाकारलेल्या अर्जदारास भरपाई आणि तातडीचा मनाई हुकूम देण्याचा दिवाणी न्यायालयास अधिकार देणारे दुसरे. येत्या अधिवेशनापूर्वी प्रत्येक वाचकाने आपल्या आमदारास या दोन कलमांविषयी लेखी विचारावे, आणि उत्तरही लेखीच मागावे.