'इथे काहीच नव्हतं' म्हणणाऱ्यांना आपला फोटो दाखवा



खांदा कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक जोडफोटो फिरतो. डावीकडे चिखल, गवत, एखादी पायवाट. उजवीकडे त्याच जागी टॉवर, सिग्नल, दुकानांच्या पाट्या. खाली ओळ ठरलेली: 'पूर्वी इथे काहीच नव्हतं!' आपलीच पोरं त्यावर अंगठे देतात. आमचं भांडण फोटोशी नाही, या ओळीशी आहे.

काहीच नव्हतं? मग 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं, त्या जमिनी कोणाच्या होत्या? 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले, ते कशासाठी? इथे भातखाचरं होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. कॉलनीला नाव देणारं खांदा गाव होतं.

पण या लढ्यातून जे मिळालं, त्यातूनही एक माणूस निसटतो. साडेबारा टक्के योजनेचा पाया जमिनीची मालकी. ज्याचा सातबारा, त्याचा हिशेब. दुसऱ्याच्या खाचरात लावणी करणाऱ्या बौद्ध बाईचा, मिठागरातल्या मजुराचा, कातकऱ्याचा सातबारा कुठून आणणार? त्याला आधी कागदाने वगळलं. आता 'काहीच नव्हतं' म्हणून फोटोतूनही वगळायचं?

मागच्या पावसाळ्यात आम्ही विहारात वंदनेनंतर लोकांकडून जुने फोटो मागवले. बहुतेक लग्नांचे आणि 14 एप्रिलच्या मिरवणुकांचे निघाले. एका आजींनी स्वतःच्या लग्नाचा फोटो आणला, पण त्या नवरा-नवरीकडे बघतच नव्हत्या. मागच्या खाचरांवर बोट ठेवून सांगत होत्या, हा बांध कोणाचा, लावणीला कोण कोण बाया होत्या, मजुरी पैशात की भातात. तो फोटो घेऊन आम्ही जागा शोधायला निघालो. बांध नाही, झाड नाही. शेवटी मागच्या डोंगराची रेघ जुळली तेव्हा जागा सापडली. आज तिथे पार्किंग आहे. उपग्रहाचं जुनं चित्र खाचर दाखवेल. त्यात कोण वाकून राबत होतं, हे आजीच सांगणार.

दीक्षाभूमीचे दोन फोटो आठवा. 14 ऑक्टोबर 1956 चं मोकळं मैदान आणि आजचा स्तूप. त्या मैदानात 'काहीच नव्हतं' म्हणायची कोणाची हिंमत आहे? इमारत नव्हती, माणसं होती. तोच नियम आपल्या वस्तीला का नाही?

दुसरं उदाहरण घराजवळचं. वाघिवलीजवळची केरूमाता लेणी बौद्ध लेणी आहे, ती वाचवा, म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला. विमानतळाच्या कामात ती गेली. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं. आता लेणीची साक्ष द्यायला उरले ते फोटो. ते कोणाच्या मोबाइलमध्ये आहेत आणि मोबाइल बिघडला तर काय, हा प्रश्न आपण विचारला आहे का?

काही जण म्हणतात, फोटोने काय होणार, जमीन परत मिळणार का? नाही मिळणार. पण 1976 च्या झोपडपट्टी गणनेनंतर सरकारनेच फोटोपास दिले. घर पाडायची वेळ आली की गरिबाकडे आधी पुरावा मागतात. पुराव्याची किंमत व्यवस्थेला कळते, आपल्यालाच कळत नाही.

म्हणून नुसते अंगठे देणं बंद करा. आपल्या घरातले जुने फोटो काढा. मागे साल, जागा आणि माणसांची नावं पेन्सिलीने लिहा. बायकांना आधी विचारा. कोणत्या शेतात राबलो, पाणी कुठून आणलं, ते त्यांना पाठ आहे. मग त्याच जागी, त्याच दिशेने उभे राहून आजचा फोटो घ्या. ज्यांचे फोटो आहेत त्यांची परवानगी घ्या. सगळं नकाशावर टाका आणि तीन ठिकाणी जपून ठेवा. जी वस्ती आज उभी आहे, तिचाही फोटो आजच काढा.

पुढच्या वेळी ग्रुपवर ती ओळ आली की खाली आजींचा फोटो टाका आणि लिहा, 'इथे आम्ही होतो.'

जय भीम! नमो बुद्धाय!