माहितीपत्रकाची शोभा

शालेय प्रकल्पासाठी माहितीपत्रक करावयाचे ठरले, की पहिली खरेदी होते ती रंगीत पेनांची आणि चमकीची. मजकुराचा विचार बहुधा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला जातो. मग कोठून तरी उतरवून घेतलेले परिच्छेद उरलेल्या जागेत कोंबले जातात. वेलबुट्टी सुबक असते, मथळ्याला सावली असते. वाचणाऱ्याला मात्र चष्मा पुन्हा पुन्हा पुसावा लागतो. अशा पत्रकाला आकर्षक म्हणणे कठीण आहे.

पावसाळ्यातील जुलाब हा प्रकल्पाचा विषय घेऊन पाहावा. पत्रक ज्या घरात जाईल तेथे एखादे मूल मलूल होऊन पडलेले असेल आणि ते वाचणारी आजी नुकतीच अक्षरे जुळवू लागलेली असेल. तिला जंतूंची नावे नकोत. तिला प्रमाण हवे: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर बाळाला अपाय होतो. म्हणून पत्रकातील सर्वांत मोठी अक्षरे या तीन आकड्यांच्या वाट्याला यावीत. शीग भरलेला चमचा आणि सपाट चमचा यांतील फरक तर शब्दांनी सांगूच नये. दोन साधी रेखाचित्रे ते काम अधिक चांगले करतात. जलसंजीवनीची तयार पुडी मिळाल्यास तीच घ्यावी, आणि शौचातून रक्त पडल्यास किंवा मूल पाणीही पिईनासे झाल्यास तत्काळ दवाखाना गाठावा, एवढे मात्र ठळकपणे यावे.

हे काम क्षुल्लक नव्हे. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम पुष्कळदा नातेवाइकांनीच केले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत उतरले. हे पाणी कसे तयार करावे, हे सांगणारे एक पत्रक त्या वेळी छापून सीमेलगत वाटले गेले होते. त्यावर वेलबुट्टी काढण्यास कोणाला सवड असेल?

रचनेसाठी ए-फोर आकाराचा एक कागद पुरतो. त्याच्या दोन घड्या घातल्या की सहा पाने होतात. दर्शनी पानावर शाळेचे नाव लहान आणि प्रश्न मोठा असावा: ‘जुलाब लागले? आधी काय पाजाल?’ प्रमाण आतल्या मधल्या पानावर, सभोवती भरपूर कोरी जागा सोडून लिहावे. पत्रकाच्या झेरॉक्स प्रतीच वाटल्या जाणार असतील, तर रंगांचा मोह सोडावा. फिकट पिवळे अक्षर प्रतीत उमटतच नाही.

प्रती काढण्यापूर्वी पत्रक वर्गाबाहेरच्या कोणाच्या तरी हाती देऊन, काही न सांगता, पाणी तयार करावयास सांगावे. तिने साखरेचा चमचा शीग भरून घेतला, तर चित्र पुन्हा काढावे.